दीनाच्या स्मरणार्थ दोन टायर

सडकेवरही चालेल आणि शर्यतीच्या मैदानावरही चालेल असा मोटारसायकलचा टायर मिळत नाही, असं तुम्हाला कुणी सांगितलं तर त्याला माझ्याकडे पाठवा. मी तो निवडला. स्वतः निवडला, कुणालाही न विचारता! दोन वर्षं झाली. ऊन म्हणू नका, चिखल म्हणू नका, बाभळीचे काटे म्हणू नका, रोज वापरतोय. एकदाही पंक्चर झालेला नाही!

कुणालाही न विचारता म्हणालो, ते जरा खोटं आहे. विचारलं सगळ्यांना. पण ऐकलं कुणाचंच नाही, म्हणजे तेच झालं.

माझं नाव शांतवन. नगरला मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर आहे. आठवड्यातून चार दिवस औषधांची पेटी बांधून मी मिरजगावच्या सडकेने गावोगाव फिरतो. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून मी जुनी मोटारसायकल घेतली होती. पेटी तेव्हा मागे बांधावी लागत नसे. मागे दीना बसायची आणि पेटी तिच्या मांडीवर असायची. खड्डा आला की ती आधी बाटल्या धरायची, मग मला.

दीना, म्हणजे माझी बायको, विषमज्वराने गेली. साऱ्या तालुक्याला मी औषध देतो, आणि तिला एकही लागू पडलं नाही. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

आमच्या घरात निवड करायचं काम तिचं. काकडी, कापड, घोंगडी, माझ्या डोक्यावरची टोपी, सगळं ती निवडायची. अंगठ्याने दाबून बघायची, मग मान हलवायची. मी पिशवी धरायचो. मलाही तिनेच निवडलं, असं ती लोकांना सांगायची. दाबून बघितलं होतं की नाही, ते मात्र कधी बोलली नाही.

ती गेल्यावर माझी थोरली बहीण गोजरबाई मिरजगावहून माझं घर सांभाळायला आली. सव्वा वर्ष तिने सांभाळलं. मग एका बाजारच्या दिवशी मी भेंडी आणली आणि तिचा धीर सुटला.

"ही भेंडी हाय व्हय रं?" आक्काने एक भेंडी माझ्या नाकासमोर धरली. "हिची भाजी करू का हिनं दात घासू?"

"जरा जून असेल."

"जून? हिला नातवंडं झाली असतील! शांतवन, लेका, तुला बायकू पायजे. राहात्याला एक बाई हाय. पुष्पावती नाव. मिशनच्या शाळंत शिकविती. तिचाबी मालक गेल्याला हाय. लई नीट बाई हाय."

"आक्का, मला लग्न करायचं नाही."

"मग भेंडी निवडायला शिक!"

आता मलाही राग आला. मी म्हणालो, "भेंडीचं काय घेऊन बसलीस? मला निवड करता येत नाही असं तुला वाटतं ना? मोटारसायकलचे टायर बदलायचे आहेत. ते मी एकटा निवडतो. त्याच टायरवर रोजची फेरी करतो, आणि मिलिटरीच्या मैदानावरची शर्यतही पुरी करतो. न पडता!"

आक्का इतकी हसली की तिला चुलीपुढे खाली बसावं लागलं. त्याला कारण होतं. भिंगारच्या मैदानावर मिलिटरीचे खेळ होतात. त्यात गावातल्या लोकांनाही मोटारसायकल घेऊन उतरता येतं. मी दोनदा उतरलो होतो आणि दोन्ही वेळा पहिल्याच फेरीत पडलो होतो. दीनाने दोन्ही वेळा गुडघ्याला आयोडीन लावलं होतं आणि ते लावताना दोन्ही वेळा ती हसली होती.

"आन पडलास तर?" आक्काने विचारलं.

"तर तू म्हणशील तिच्याशी लग्न करतो. न पडता पाच फेऱ्या झाल्या, तर तू हा विषय पुन्हा काढायचा नाहीस."

"कदी न्हाई?"

"कधीच नाही."

आम्हा ख्रिस्ती लोकांत शपथ वाहत नाहीत, एकदा होय म्हटलं की ते होयच. आक्काने माझा हात आपल्या पिठाच्या हातात घेतला आणि म्हणाली, "तुजं व्हय ते व्हय." ठरलं!

जर्मनी-जपानची लढाई संपून वर्ष उलटलं होतं, पण टायरला अजून सरकारी परमिट लागायचं. महिनाभर कचेरीत खेटे घातल्यावर मला परमिट मिळालं. दोन टायर, बस्स. चुकलो तर पुन्हा वर्षभर नाव काढायचं नाही. असं लग्नालासुद्धा असायला हवं, असं आपलं माझ्या मनात येऊन गेलं.

टायरचं दुकान काकासाहेबांचं. त्यांच्याकडे दोन जाती होत्या. एक पट्ट्यांचा, लांबच लांब सरळ रेघा असलेला. दुसरा गाठींचा, बोटभर उंच रबराचे चौकोनी ठोकळे असलेला.

"सडकेला पट्ट्यांचा," काकासाहेब म्हणाले. "मैदानाला गाठींचा. पट्ट्यांचा घेऊन मातीत गेलात तर लोण्यावरून गेल्यासारखे जाल. गाठींचा घेऊन सडकेवर गेलात तर पेटीतल्या बाटल्या नाचतील."

"मला दोन्हीकडे जायचंय."

"मग दोन मोटारसायकली घ्या."

मी चार दिवस त्या दुकानात गेलो. टायर उचलून बघितले, फिरवून बघितले, अंगठ्याने दाबून बघितले. एकदा वासही घेतला.

"कंपाउंडरसाहेब," काकासाहेब ओरडले, "टायर आहे तो! खरबूज नाही!"

पाचव्या दिवशी मिरजगावच्या सडकेवर मला उत्तर सापडलं. पुढचं चाक वाट दाखवतं आणि मागचं ढकलतं. दोघांचं काम वेगळं, मग दोघांना कपडे एकसारखे कशाला? पुढे पट्ट्यांचा, मागे गाठींचा! परमिटात दोन टायर लिहिलं होतं, दोन सारखे टायर असं कुठे लिहिलं होतं? मला इतका आनंद झाला की मागे वळून सांगायला गेलो. मागे पेटी होती.

काकासाहेबांनी कपाळाला हात लावला. "एका पायात बूट आणि एका पायात खडाव!" पण टायर दिले.

तो शनिवार होता आणि दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये कापणीचा सण. आमच्याकडे त्या दिवशी जो तो आपल्या नव्या पिकातलं देवाला आणतो. बाजरी, कोंबड्या, अंडी, ज्याचं जे असेल ते. सगळं वेदीपुढे मांडतात, पाळकसाहेब प्रार्थना करतात आणि मग त्याच वस्तूंचा लिलाव होतो. एकदा प्रार्थना झाली की वस्तू देवाची. मग ती ज्याची त्यालासुद्धा परत हवी असेल, तर लिलावातच घ्यावी लागते.

आक्काने तिच्या शेतातले दोन भोपळे चर्चमध्ये पोहोचवायला सांगितले होते. मोटारसायकलवर भोपळे काही बांधता येईनात. एकाला दोरी लावली की दुसरा निसटायचा. शेवटी मी दोन्ही टायर मागे आडवे बांधले आणि प्रत्येकात एक भोपळा बसवला. खुडूक कोंबड्या बसाव्यात तसे बसले!

चर्चच्या ओट्यावर मी सगळं उतरवलं. भोपळे गडगडू नयेत म्हणून टायरातच ठेवले. एवढ्यात दवाखान्याचा शिपाई पळत आला. गुऱ्हाळावर एक गडी उकळत्या काकवीने भाजला होता. मी तसाच निघालो. त्याची मलमपट्टी करून परत येईपर्यंत चर्चला कुलूप लागलं होतं. म्हटलं, सकाळी घेऊ. देवाच्या दारातून टायर कोण नेतोय?

सकाळी आक्काने मला सोडलंच नाही. "धुवट कोट घाल. डोक्याला त्याल लाव. नखं काप."

"आक्का, मी भोपळे आणून दिलेत. माझी नखं कोण बघतंय?"

"बगतंय कुनीतरी," आक्का म्हणाली आणि गालातल्या गालात हसली. माझ्या तेव्हाही काही लक्षात आलं नाही.

आम्ही पोहोचलो तेव्हा सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. प्रार्थना चालू होती. मी एक डोळा उघडून वेदीकडे बघितलं. कणसांच्या पेंढ्या, पेरू, अंड्यांच्या टोपल्या, आणि अगदी मधोमध, झेंडूची माळ घातलेले माझे टायर! भोपळ्यांसकट!

"आमेन," सगळे म्हणाले. मी "अहो!" म्हणालो.

चर्चची व्यवस्था पाहणारे एलियाकाका शेजारीच उभे होते. मी त्यांच्या कानात म्हणालो, "काका, ते टायर माझे आहेत."

"माहीत आहे की!" काका म्हणाले. "मीच आणून मांडले. भोपळ्याला काय बैठक दिलीस रे!"

"पण ते द्यायचे नव्हते!"

"आता प्रार्थना झाली, शांतवन. आता ते देवाचे."

मी पुढे जाऊन पाळकसाहेबांना सांगणार, तेवढ्यात तेच माझ्याकडे बघून बोलू लागले. त्यांचा आवाज भरून आला होता.

"बंधुभगिनींनो, टायरची किती टंचाई आहे हे आपण जाणतो. अशा वेळी आपले शांतवन यांनी, आपली प्रिय पत्नी दीनाबाई हिच्या स्मरणार्थ, हे दोन नवे टायर प्रभूला वाहिले आहेत."

दीनाचं नाव एलियाकाकांनीच आपल्या मनाने जोडलं असणार. सगळं चर्च माझ्याकडे वळलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आक्का तर हुंदके देऊन रडू लागली. "माजा भाऊ! आन मी याला भेंडीवरनं बोलले!"

आता तुम्हीच सांगा. अशा वेळी उठून "नाही हो, चुकून राहिले" असं कुणाला म्हणता येईल? दीनाचं नाव घेतलं गेलं होतं. मी मान खाली घातली. लोकांना ती नम्रता वाटली.

लिलाव सुरू झाला. खिशात जे होतं ते सगळं पणाला लावून मी पट्ट्यांचा टायर सोडवून घेतला. लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "स्वतःच देतो आणि स्वतःच घेतो!" दुसऱ्याने त्याला गप्प केलं, "अरे, बायकोची आठवण आहे ती."

मग एलियाकाकांनी गाठींचा टायर वर धरला. मी हात वर केला. बायकांच्या बाजूने आणखी एक हात वर झाला. पांढरं पातळ, चष्मा, चाळिशीच्या आतबाहेरची बाई. मी बोली वाढवली, तिने वाढवली. दवाखान्यातल्या सोबत्याच्या कानाला लागून उसनवारी केली आणि पुन्हा वाढवली. तिनेही वाढवली! मग ती उठून पुढे आली, टायरवर वाकली, आणि एका गाठीला तिने अंगठ्याने दाबून बघितलं. मान हलवली.

माझा हात वर गेलाच नाही. एलियाकाकांनी तीनदा विचारलं आणि टायर तिला देऊन टाकला.

शर्यत पुढच्या शनिवारी होती. सोमवारी मी चौकशी केली तेव्हा कळलं, ती बाई मुलींच्या बोर्डिंगात उतरली आहे. गेलो. ती व्हरांड्यात वही तपासत बसली होती आणि टायर तिच्या खुर्चीला टेकून उभा होता.

"बाई, हा टायर मला पाहिजे."

"मलाही पाहिजे."

"तुमच्याकडे मोटारसायकल आहे?"

"नाही. चार मुली आहेत. आमच्या वसतिगृहातल्या. अनवाणी पाणी भरतात आणि विहिरीच्या ओल्या दगडांवर घसरून पडतात. चांभार म्हणाला, गाठींचा टायर आणा, घसरणार नाहीत अशा चपला करून देतो."

मैदानासाठी मी जो विचार केला तोच तिने विहिरीसाठी केला होता. मी म्हणालो, "निदान शनिवारपर्यंत वापरायला द्या. मला शर्यत पुरी करायची आहे. न पडता. माझ्यासाठी फार महत्त्वाचं आहे ते."

तिने वही मिटली. "तुम्ही गोजरबाईंचे भाऊ ना? मी पुष्पावती. राहात्याच्या शाळेत शिकवते."

माझ्या पायाखालची फरशी सरकली! न पडण्यासाठी मी जिच्याकडे टायर मागत होतो, पडलो तर तिच्याशीच माझं लग्न होणार होतं!

"घेऊन जा," ती चटकन म्हणाली. "पण गाठी झिजवू नका. एकही. शनिवारी संध्याकाळी मला परत पाहिजे."

शर्यतीत गाठी न झिजवता कसं पळायचं, हे काकासाहेबांनाही सांगता आलं नसतं. पण मी हो म्हणालो.

शनिवारी मैदानावर आम्ही पाच जण होतो. मोटारसायकलवरून निरोप पोहोचवणारे मिलिटरीतले चार निरोपे आणि मी. दोरीपलीकडे ही गर्दी! आक्का अगदी पुढे, पदर खोचून उभी. तिच्यापासून चार हातांवर पुष्पावतीबाई.

शिटी वाजली. चौघे धुळीत नाहीसे झाले. मी बैलगाडी ओढ्यातून काढावी तसा निघालो. ब्रेक दाबायचा नाही, रबर घासायचं नाही, वळणावर दोन्ही पाय खाली. धूळ बसावी म्हणून वळणावर पाणी मारलं होतं, तिथे लोण्यासारखा चिखल झाला होता. दुसऱ्या फेरीत तिथे दोन निरोपे एकमेकांवर पडले. तिसऱ्या फेरीत तिसरा. मी त्यांच्या शेजारून "राम राम" करत गेलो. मागच्या गाठींनी चिखल धरला आणि पुढच्या पट्ट्यांनी वाट सोडली नाही. निवड असावी तर अशी!

दोरीजवळून जाताना मला आक्काचा आवाज ऐकू आला. "पड की रं लेका! पड! तुज्या भल्याचं सांगती!"

लोक तिच्याकडे बघायला लागले. बहिणीने भावाला असा आशीर्वाद दिलेला कुणी ऐकला नव्हता.

आणि पुष्पावतीबाई? मी बघितलं. डोळे मिटलेले, हात जोडलेले, ओठ हलत होते. प्रत्येक फेरीला तेच. माझ्यासाठी प्रार्थना करत होती! मला वाईट वाटलं. बिचारीचं मन बसलं माझ्यावर, आणि मी मात्र न पडण्यासाठी जिवाचं रान करतोय.

पडलेले तिघे उठले, गाडीवर बसले आणि मला ओलांडून पुढे गेले. त्यातला एक पुन्हा पडला, पुन्हा उठला आणि पुन्हा पुढे गेला. मी पाचव्या फेरीत असताना बक्षिसं वाटून झाली आणि रस्सीखेच खेळणारे मैदानात उतरले. "ओ, बाजूला व्हा!" सुभेदार माझ्यावर ओरडला. "शर्यत चालू आहे!" मी म्हणालो. शेवटी त्यांनी रस्सी जमिनीवर ठेवली आणि मी ती ओलांडून पलीकडे गेलो. पाचांत पाचवा. पण न पडता!

मी मोटारसायकल उभी केली आणि गुडघे चाचपून बघितले. सव्वा वर्षात पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. खरचटलेलं काहीच नव्हतं. आयोडीन लावायला कुणी नव्हतं आणि लावावंही लागलं नाही, हे बरं की वाईट ते मला कळेना.

आक्का जवळ आली. माझे गुडघे तिने वाकून नीट बघितले. मग सुस्कारा सोडला. "माजं व्हय ते व्हय. न्हाई काढायची विषय." पदर झटकून म्हणाली, "पर भेंडी हितनं फुडं मीच आननार."

संध्याकाळी मी टायर काढला, धुतला आणि बोर्डिंगात घेऊन गेलो. वाटेत सगळं बोलणं जुळवून ठेवलं होतं. बाईचं मन दुखवायचं नाही. सावकाश सांगायचं. औषध कडू असलं की मी त्यात थोडा गूळ घालतो, तसं.

पुष्पावतीबाईंनी टायर हातात घेतला, एकेक गाठ मोजल्यासारखी बघितली आणि समाधानाने भिंतीला लावला.

"बाई," मी घसा खाकरला, "तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करत होता. मी बघितलं. तुमच्या मनात माझ्याविषयी जे काही असेल त्याचा मी आदर करतो, पण माझी दीना..."

"तुमच्यासाठी?" पुष्पावतीबाईंनी चष्मा काढला. "तुमच्यासाठी कशाला? मी माझ्यासाठी करत होते! गोजरबाईंनी मला सण बघायला म्हणून बोलावलं, आणि इथे आल्यावर सांगितलं की तुम्ही पडलात तर लग्न! पाचही फेऱ्या मी एकच मागत होते, प्रभू, याला उभा ठेव! टायर तुम्हाला उगाच दिला मी?"

मी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"माझे मालक जाऊन नऊ वर्षं झाली," ती हळू आवाजात म्हणाली. "मला माझ्या मुली आहेत, शाळा आहे. मला चपला हव्या होत्या, भाऊ. नवरा नको होता."

आधी ती हसली की मी, ते आठवत नाही. बोर्डिंगातल्या बाई दार उघडून बघायला आल्या इतके आम्ही हसलो. मान खाली घालून आलो होतो आणि ताठ मानेने निघालो. वाटेत मात्र जरा लागलंच. नाही म्हणायला मी गेलो होतो. आधी नकार मलाच मिळाला!

मागच्या चाकाला जुना गुळगुळीत टायर पुन्हा चढवला आणि पुढचं परमिट मिळेपर्यंत बाटल्या सांभाळत फिरलो.

महिन्याभराने राहात्याहून येणाऱ्या एका माणसाबरोबर पुडकं आलं. सोबत चिठ्ठी होती. "चार मुलींच्या चपला झाल्या. आता घसरत नाहीत. मुलींना सांगितलं आहे की चपला दीनाबाईंच्या नावाच्या आहेत. तुकडा उरला, त्यात एक जोड बसला. माप अंदाजाने घेतलं आहे."

चिठ्ठी मी दोनदा वाचली. दीनाच्या नावाने मी काही दिलेलं नव्हतं. पण राहात्याच्या त्या विहिरीवर आता रोज तिचं नाव निघतं, आणि चौघी जणी न पडता पाणी घेऊन घरी येतात. खोटं होतं ते खरं झालं, ते माझ्या हुशारीने झालं असं मात्र मी म्हणणार नाही.

पुडक्यातल्या चपला मी पायात घातल्या. अगदी बरोबर बसल्या.

तर सुरुवातीला सांगितलं त्यात काही खोटं नाही. टायर मीच निवडला. सडकेवर चालतो, मैदानावर चालतो, चिखलात घसरत नाही आणि कधी पंक्चर होत नाही. फक्त मोटारसायकल तेवढी घरी ठेवावी लागते.